गच्चीवरचे सौर पॅनेल आणि बदलत्या वेगाचा पंप: तलावाचे पाणी तापवताना वेग कसा ठरवावा

पुणे, नाशिक, लोणावळा, कर्जत या भागांत खासगी बंगल्यांच्या तलावांवर बदलत्या वेगाचा पंप आणि गच्चीवर पाणी तापवणारे काळे पॅनेल अशी जोडी आता वरचेवर दिसते. दोन्ही वस्तू चांगल्या असूनही पहिल्या हिवाळ्यात तक्रारी ठरलेल्या असतात: तलावात सतत बुडबुडे येतात, पॅनेल हाताला चटका देतात पण तलाव गारच राहतो, किंवा वीजबिल अपेक्षेइतके उतरत नाही. यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. वीज वाचवायची म्हणून पंपाचा वेग आधी ठरवला जातो आणि तो वेग गच्चीला पुरतो का, हे नंतर पाहिले जाते. हा क्रम उलटा करावा लागतो. या व्यवस्थेत पंपाला एक नव्हे तर किमान तीन वेग लागतात, आणि ते कंपनीच्या पत्रकावरून न घेता आपल्याच तलावावर मोजून ठरवावे लागतात.

पुढील सर्व आकडे एका नमुना तलावासाठी आहेत: १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल, म्हणजे ७० घनमीटर अर्थात ७०,००० लिटर पाणी. गच्ची तलावाच्या पाण्यापेक्षा ६ मीटर उंच. पॅनेलचे क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. आपले आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

टप्पा १: हात लावण्यापूर्वीची मोजमापे

प्रथम तलावाचे घनफळ आणि पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढावे. पॅनेलचे क्षेत्रफळ साधारणपणे पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाइतके धरतात. नमुना तलावाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर आहे, त्यामुळे ४० चौरस मीटर पॅनेल योग्य ठरतात. तलावावर आच्छादन घालण्याची तयारी नसेल तर कितीही पॅनेल लावले तरी कमीच पडतील, कारण उघड्या तलावाची सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनातून जाते आणि आपल्याकडच्या कोरड्या, वाऱ्याच्या हिवाळी रात्री ती झपाट्याने जाते.

त्यानंतर किती ऊब मिळेल याचा प्रामाणिक अंदाज बांधावा. ७० घनमीटर पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे ८१ युनिट उष्णता लागते. स्वच्छ उन्हात ४० चौरस मीटर पॅनेलमधून हिवाळ्यात समजा २४ किलोवॉट उष्णता मिळाली आणि असे ५ तास चालले, तर १२० युनिट जमा होतात, म्हणजे दिवसाला जेमतेम दीड अंश. त्यातून रात्रीची घट वजा करायची. शुक्रवारी सकाळी व्यवस्था सुरू करून शनिवारी पाहुण्यांना कोमट पाणी देण्याची अपेक्षा या हिशेबात बसत नाही. तलाव चार-सहा दिवस आधीपासून तापवत आणावा लागतो आणि रोज रात्री झाकावा लागतो.

तिसरे मोजमाप उंचीचे. तलावातील पाण्याच्या पातळीपासून पॅनेलच्या सर्वांत वरच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजावी. "दोन मजले" हे उत्तर पुरेसे नाही. उंची ७ ते ८ मीटरपेक्षा अधिक असेल तर परतीच्या पाण्याच्या ओढीवर (ती टप्पा ४ मध्ये समजेल) विसंबणे धोक्याचे ठरते आणि वेगळ्या बूस्टर पंपाचा विचार करावा लागतो.

सावधान: घरातील आंघोळीच्या पाण्यासाठी असलेला काचेच्या नळ्यांचा सौर बंब तलावाला जोडू नये. तो थोडे पाणी खूप तापवण्यासाठी असतो, तर तलावाला पुष्कळ पाणी थोडेसे तापवायचे असते. शिवाय क्लोरीनयुक्त पाण्याने, विशेषतः त्याचा पीएच घसरल्यास, तांब्याचे भाग झिजतात आणि तलावाच्या फरश्यांवर हिरवट-निळसर डाग पडतात. तलावासाठी पॉलिप्रॉपिलीनचे किंवा रबरी नळ्यांचे, काच नसलेले पॅनेलच घ्यावेत. गच्चीवर वीज बनवणारे पॅनेल असतील तर ती संपूर्ण वेगळी व्यवस्था आहे. दोन्हींना "सोलर" म्हणत असल्यामुळे कंत्राटदाराशी बोलताना घोटाळा होतो, म्हणून लेखी मागणीत "पाणी तापवणारे" असा स्पष्ट उल्लेख करावा.

टप्पा २: पंप आणि वीजजोडणीची पूर्वतयारी

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला, ज्याच्या अंगातच वेग बदलण्याची यंत्रणा आहे असा तलावाचा पंप. त्यात वेग मिनिटाला किती फेरे या आकड्यात भरता येतो. दुसरा, आहे त्याच पंपाला बाहेरून व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण, जोडणे. हा दुसरा मार्ग आपल्याकडे स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ जण निवडतात, आणि तेथेच पहिली मोठी चूक होते. कॅपॅसिटर असलेल्या सिंगल फेज मोटरला साधा व्हीएफडी लावता येत नाही. मोटर तापते, थरथरते आणि शेवटी जळते. मोटर थ्री फेज असावी. घरी सिंगल फेजच असेल तर सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो, पण मोटर मात्र थ्री फेजच लागते.

पंख्याने थंड होणारी साधी मोटर फार हळू फिरवल्यास तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. म्हणून व्हीएफडीमध्ये किमान वारंवारता २५ हर्ट्झच्या खाली जाऊ देऊ नये. पंपासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि तो व्हीएफडीच्या आधी बसवावा, व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये नव्हे. व्हीएफडीमुळे साधा आरसीसीबी विनाकारण पडू लागला तर काही इलेक्ट्रिशियन तो काढूनच टाकतात. पाण्याजवळच्या जोडणीत हे कदापि मान्य करू नये. व्हीएफडीशी जुळणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी मागवून घ्यावा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

तपासणी: मोटरच्या पट्टीवरील अँपिअरचा आकडा व्हीएफडीमध्ये भरला आहे का, अर्थिंग मोजले आहे का, आणि तलावाच्या तळाची जाळी शाबूत व घट्ट आहे का, हे पाहिल्याशिवाय पंप पूर्ण वेगाने चालवू नये. तुटकी जाळी असलेल्या तलावात पंप चालू ठेवून कोणालाही उतरू देऊ नये.

टप्पा ३: पाइपांची क्रमवारी

पाणी पुढील क्रमानेच फिरले पाहिजे: तलाव, पंप, फिल्टर, तीन तोंडांचा मोटरचलित व्हॉल्व्ह, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), गच्चीकडे जाणारा पाइप, पॅनेल, परतीचा पाइप, मूळ लाइनला मिळणारा टी, असल्यास हीट पंप (विजेवर पाणी तापवणारे यंत्र), त्यानंतर क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारे उपकरण) आणि शेवटी तलावाची इनलेट तोंडे. यांत दोन जागा विशेष चुकतात.

एक, एनआरव्ही. तो गाळला किंवा उलटा बसवला तर पंप थांबताच गच्चीवरचे सगळे पाणी उलट दिशेने फिल्टरमधून खाली येते आणि फिल्टरमध्ये अडकलेली घाण पंपावाटे तलावात ओतते. रोज सकाळी तळाच्या जाळीभोवती मातकट पट्टा दिसत असेल तर फिल्टरमधल्या वाळूला दोष देण्याआधी एनआरव्ही तपासावा. दुसरी जागा क्लोरिनेटरची. तो पॅनेलच्या आधी बसवला तर तीव्र क्लोरीन थेट पॅनेलमध्ये जाते आणि नळ्यांचे आयुष्य घटते.

नमुना तलावाला ताशी ९ घनमीटर प्रवाह लागणार आहे (हा आकडा कसा आला ते पुढे येईल). एवढ्या प्रवाहाला ५० मिलिमीटर पाइप अरुंद पडतो. ६३ मिलिमीटर घ्यावा. पाइप अरुंद असला की पंप जोरात पळवावा लागतो आणि बदलत्या वेगाच्या पंपासाठी दिलेले पैसे घर्षणात जातात. गच्चीवरच्या उघड्या पांढऱ्या पाइपला उन्हापासून वाचवणारा रंग द्यावा, आणि क्लॅम्प इतके आवळू नयेत की तापून लांबलेला पाइप कमानीसारखा वाकेल.

पॅनेलमध्ये पाणी खालच्या कोपऱ्यातून आत जावे आणि तिरप्या समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडावे, म्हणजे सर्व पॅनेलना सारखे पाणी मिळते. दक्षिणेकडे तोंड करून हिवाळ्यासाठी सुमारे ३० अंशांचा उतार पुणे-नाशिक पट्ट्यात चांगला ठरतो. सपाट गच्चीवर आडवे ठेवलेले पॅनेलही चालतात, फक्त डिसेंबर-जानेवारीत थोडी कमी ऊब देतात. पट्ट्या रोवताना ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीची गळती रोखणाऱ्या थराला) छिद्रे पाडू नयेत. काँक्रीटचे ठोकळे किंवा कठड्याला धरलेली चौकट वापरावी. एरवी पाणी तलावात तापेल आणि खालच्या खोलीत गळेल. लोणावळ्यासारख्या ठिकाणी माकडांचाही विचार करावा लागतो: सेन्सरची उघडी वायर त्यांना विशेष आवडते, म्हणून ती पाइपमधून न्यावी.

*व्हॅक्यूम व्हॉल्व्हची उंची*

या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त छळणारा भाग हाच. पंप थांबल्यावर पॅनेलमध्ये हवा शिरू देऊन ते रिकामे करणे, हे त्याचे काम. पंप चालू असताना मात्र तो घट्ट बंद राहिला पाहिजे, आणि तो बंद तेव्हाच राहतो, जेव्हा त्या जागी पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा तरी जास्त असतो. परतीच्या पाइपातून खाली पडणारे पाणी वरचे पाणी ओढत असते, त्यामुळे पॅनेलच्या माथ्यावर दाब नव्हे तर ओढ असते. व्हॉल्व्ह तेथे, अगदी वर बसवला आणि पंप हळू चालवला की तो उघडतो, हवा आत घेतो आणि तलावात बुडबुडे सुरू होतात.

एक मजली घरात व्हॉल्व्ह गच्चीच्या कडेशी, जाणाऱ्या पाइपवर चालून जातो. ६ मीटर उंचीला मात्र तो जाणाऱ्या पाइपवरच, पण तलावाच्या पातळीपासून दोन-अडीच मीटर उंचीवर आणावा. तेथे पंप चालू असताना दाब राहतो, आणि पंप थांबल्यावर ती जागा तलावाच्या पातळीपेक्षा वर असल्याने ओढ निर्माण होऊन व्हॉल्व्ह उघडतो. परतीच्या पाइपवर तो बसवू नये.

सावधान: बुडबुडे थांबवण्यासाठी व्हॅक्यूम व्हॉल्व्हला प्लग मारून बंद करण्याचा उपाय अनेक प्लंबर सुचवतात. असे केल्यास पंप थांबल्यावर पॅनेलच्या तापलेल्या, मऊ झालेल्या नळ्यांवर आतून ओढ बसते आणि त्या चपट्या होऊ शकतात. पॅनेल रिकामेही होत नाहीत.

टप्पा ४: तीन वेग मोजून ठरवणे

येथे घाई करू नये. स्वच्छ उन्हाचा दिवस निवडावा, सकाळी बॅकवॉश करून, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून, फिल्टर स्वच्छ करावा आणि सुमारे तीन तास हाताशी ठेवावेत.

आधी यामागचे गणित समजून घ्यावे, कारण जाहिरातीत ते अर्धेच सांगितले जाते. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो आणि वीज कागदावर एक अष्टमांश लागते. विजेचा आकडा सर्वांना पाठ असतो. दाबाचा कोणी लक्षात घेत नाही. समजा पंप २९०० फेऱ्यांवर जास्तीत जास्त १८ मीटर पाणी चढवू शकतो. तोच पंप १४५० फेऱ्यांवर फक्त साडेचार मीटर चढवील. गच्ची ६ मीटरवर आहे. म्हणजे त्या वेगाने पंप दिवसभर फिरला तरी पाणी पॅनेलपर्यंत पोचणार नाही. वीजमीटर कमी फिरेल आणि पॅनेल कोरडे तापत राहतील. नुसते पाणी माथ्याला टेकवण्यासाठीच या पंपाला सुमारे १७०० फेरे लागतात, आणि त्यावर प्रवाहासाठी आणखी हवेत.

दिलासा असा की ही चढाई एकदाच करायची असते. जाणारा आणि येणारा असे दोन्ही पाइप भरले की खाली पडणारे पाणी वर जाणाऱ्याला ओढू लागते आणि त्यानंतर पंपाला केवळ घर्षणावर मात करावी लागते. म्हणूनच सुरुवातीचा वेग जास्त आणि नंतरचा कमी ठेवता येतो.

*पहिला वेग: पाणी चढवण्याचा.* मोटरचलित व्हॉल्व्ह हाताने गच्चीकडे वळवावा. पंप सुमारे २६०० फेऱ्यांवर चालवावा. तलावात आधी मोठे बुडबुडे येतील, ती पाइपांतली हवा आहे. ते पूर्ण थांबायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे आणि त्यात एक मिनिट वाढवून तो काळ पंपाच्या सेटिंगमध्ये प्रायमिंगच्या (सुरुवातीला पाइप भरून घेण्याच्या) जागी भरावा. बहुधा तो चार-पाच मिनिटांचा असतो.

*दुसरा वेग: तापवण्याचा.* आता दर वेळी १०० फेऱ्यांनी वेग कमी करावा आणि प्रत्येक पायरीवर किमान पाच मिनिटे थांबावे. एक माणूस इनलेटपाशी बुडबुडे पाहील आणि दुसरा व्हॅक्यूम व्हॉल्व्हजवळ कान देऊन उभा राहील, अशी व्यवस्था करावी. हवा आत जाताना येणारा बारीक "सूं" असा आवाज बुडबुड्यांच्या आधी कळतो. ज्या वेगाला हवा शिरू लागते तो लिहून ठेवावा. समजा तो १९०० निघाला. त्यात १५० ते २०० मिळवून २१०० हा काठावरचा नसलेला वेग धरावा. एकदा हवा शिरली की ओढ तुटलेली असते, म्हणून पुढची चाचणी करण्यापूर्वी पंप पुन्हा २६०० वर नेऊन पाइप भरून घ्यावेत. हे विसरले तर पुढचे सर्व आकडे चुकतात.

आता या वेगाला प्रवाह पुरेसा आहे का ते पाहावे. काच नसलेल्या पॅनेलला दर चौरस मीटरला मिनिटाला साडेतीन ते चार लिटर पाणी लागते. ४० चौरस मीटरसाठी मिनिटाला सुमारे १५० लिटर, म्हणजे ताशी ९ घनमीटर. फिल्टरनंतर फ्लोमीटर बसवला असेल तर काम सोपे आहे, आणि तो बसवावाच. मीटर ९ पेक्षा कमी दाखवत असेल तर वेग वाढवावा. बुडबुड्यांवरून आलेला वेग आणि प्रवाहावरून आलेला वेग, या दोहोंपैकी जो मोठा असेल तोच तापवण्याचा वेग.

तपासणी: दुपारी बारा ते एकच्या दरम्यान पॅनेलमध्ये जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे. वर धरलेल्या आकड्यांनुसार फरक सुमारे सव्वादोन अंश येतो. दोन ते चार अंशांपर्यंत ठीक समजावा. फरक पाच-सहा अंशांवर गेला तर ती आनंदाची गोष्ट नसून प्रवाह कमी असल्याची खूण आहे.

ही गोष्ट पटणे अवघड जाते. परतीच्या पाण्याखाली हात धरून ते गरम लागले की व्यवस्था उत्तम चालली आहे असे वाटते, आणि ते आणखी गरम व्हावे म्हणून वेग कमी केला जातो. परंतु तापलेले पॅनेल स्वतःच वाऱ्याला उष्णता देऊन टाकतात. पॅनेल जितके थंड राहतील तितकी जास्त उष्णता तलावात उतरते. भर दुपारी चालू पॅनेलवर तळहात ठेवला असता तो गारसर लागला पाहिजे. एखादाच पॅनेल गरम लागत असेल तर त्यातून पाणी नीट वाहत नाही किंवा त्यात हवा अडकली आहे.

हवा शिरण्याचा वेग २५०० च्या वर निघाला तर वेग वाढवत न बसता व्हॅक्यूम व्हॉल्व्ह आणखी खाली आणावा. परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करूनही बुडबुडे थांबतात, पण तो अडथळा पंपालाच ढकलावा लागतो आणि त्याची किंमत दरमहा बिलात भरावी लागते. तात्पुरता उपाय म्हणून हरकत नाही.

*तिसरा वेग: नुसत्या गाळणीचा.* व्हॉल्व्ह तलावाकडे वळवून गच्ची वगळावी आणि वेग कमी करत जावा. येथे मर्यादा दोन: क्लोरिनेटरचा फ्लो स्विच (प्रवाह कमी झाल्यास क्लोरिनेटर थांबवणारा) बंद पडता कामा नये, आणि व्हीएफडी असल्यास वारंवारता २५ हर्ट्झच्या खाली जाता कामा नये. नमुना तलावात ताशी ५ घनमीटर देणारा वेग धरू. या वेगाला स्किमर पृष्ठभागावरची पाने ओढत नाही, म्हणून त्यासाठी दिवसातून तासभर पंप वेगाने चालवावा लागतो. पाणी चढवण्याचाच वेग त्यासाठी वापरता येतो.

प्रत्येक वेगाला पंपाच्या पडद्यावरील किंवा क्लॅम्प मीटरवरील विजेचा आकडा टिपावा. एक अष्टमांशाचे गणित प्रत्यक्षात पूर्ण उतरत नाही, कारण कमी वेगाला मोटर आणि व्हीएफडी यांची कार्यक्षमताही घटते.

सावधान: हे वेग स्वच्छ फिल्टरवर ठरले आहेत. फिल्टर भरत गेला की त्याच फेऱ्यांवर प्रवाह घटतो, व्हॅक्यूम व्हॉल्व्हपाशी दाब उतरतो आणि तीन आठवड्यांनी बुडबुडे परत येतात. मग पंप बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते. बॅकवॉशच्या आदल्या दिवशी, फिल्टर घाण असताना, चाचणी पुन्हा करावी आणि गरज वाटल्यास वेग १०० फेऱ्यांनी वाढवावा.

टप्पा ५: सेन्सर आणि कंट्रोलर

कंट्रोलर दोन सेन्सरच्या तापमानांतील फरकावरून व्हॉल्व्ह वळवतो. पाण्याचा सेन्सर पंप आणि फिल्टर यांच्या जवळ, पॅनेलच्या आधीच्या पाइपवर आणि उन्हापासून आडोशाला बसवावा. गच्चीवरचा सेन्सर पॅनेलच्या शेजारी, त्याच उतारावर आणि त्याच उन्हात असावा. पाइपच्या आत नव्हे, आणि टाकीच्या सावलीत तर मुळीच नव्हे. चार वाजता टाकीची सावली सेन्सरवर येते आणि पॅनेलवर ऊन असूनही व्यवस्था बंद पडते, असे नेहमी घडते.

गच्ची पाण्यापेक्षा ४ ते ५ अंशांनी गरम झाली की सुरू आणि फरक २ अंशांपर्यंत उतरला की बंद, असे आकडे भरावेत. दोन्ही आकडे फार जवळ ठेवले तर ढगाळ दिवशी व्हॉल्व्ह सारखा उघडझाप करतो आणि प्रत्येक वेळी पंप प्रायमिंगच्या वेगाने धावतो, म्हणजे सारी बचत पाण्यात. कमाल तापमान २९ किंवा ३० अंशांवर थांबवावे. त्याहून उबदार पाण्यात क्लोरीन लवकर संपते आणि शेवाळाला आवतण मिळते.

कंट्रोलर आणि पंप यांचे बोलणे जुळले आहे का, ही शेवटची पण महत्त्वाची पायरी आहे. कंट्रोलरने व्हॉल्व्ह गच्चीकडे वळवला, पण पंपाला वेग वाढवण्याचा निरोप मिळाला नाही, तर पंप गाळणीच्याच वेगाने फिरत राहतो. सेन्सरवर थोडे गरम पाणी ओतून खोटे ऊन निर्माण करावे आणि व्हॉल्व्ह, प्रायमिंग व नंतरचा कमी वेग हे तिन्ही क्रमाने घडतात का, ते डोळ्यांनी पाहावे.

टप्पा ६: दिवसाचे वेळापत्रक

तापवताना वाहणारे पाणी फिल्टरमधूनच जाते, त्यामुळे ते तास गाळणीतही मोजावेत. रात्रभर वेगळी गाळणी चालवणे हा दुहेरी खर्च आहे. नमुना तलावासाठी हिवाळ्यातला दिवस असा बसतो:

१. सकाळी ८.३० ते ९.३०: वेगाने स्किमिंग, ताशी १३ घनमीटर, म्हणजे १३ घनमीटर. याच वेळी आच्छादन काढून पाने वेचावीत.

२. ९.३० ते ३.००: तापवण्याचा वेग, ताशी ९ घनमीटर, म्हणजे साडेएकोणपन्नास घनमीटर.

३. संध्याकाळी ७ ते ९: क्लोरीन टाकल्यानंतर गाळणीचा वेग, ताशी ५ घनमीटर, म्हणजे १० घनमीटर.

एकूण साडेबहात्तर घनमीटर, म्हणजे तलावाचा पूर्ण एक फेरा. घरच्या वापराला एवढे पुरते. शनिवार-रविवार भाड्याने जाणाऱ्या बंगल्यात मात्र दोन फेऱ्यांपेक्षा कमी ठेवू नयेत. पंपाचे स्वतःचे घड्याळ आणि कंट्रोलरचे घड्याळ सारखे लावावे. लोडशेडिंगनंतर एक पुढे आणि एक मागे राहिले की व्यवस्था अर्धीच चालते. वीजमीटर वेळेनुसार दर लावणारा असेल तर स्किमिंगचा तास स्वस्त दराच्या वेळेत सरकवावा, पण तापवण्याचे तास सूर्य ठरवतो. ते हलवू नयेत.

आच्छादन ऊन उतरताच, साडेचार-पाचच्या सुमारास घालावे, जेवणानंतर नव्हे. आच्छादन बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचे असेल तर बुडबुड्यांची बाजू पाण्याकडे ठेवावी. आच्छादन अर्धे ओढलेल्या तलावात कोणी उतरू नये, आणि लहान मुले असलेल्या घरी ते कुंपणाच्या जागी आहे असे कधीही समजू नये.

तपासणी: बॅकवॉश करताना गच्चीचा मार्ग बंद आणि पंप पूर्ण वेगावर हवा. गाळणीच्या वेगाने केलेल्या बॅकवॉशमध्ये वाळू उचललीच जात नाही. बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसते आणि फिल्टर मात्र भरलेलाच राहतो.

टप्पा ७: ऋतू बदलताना

एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ आणि खानदेशात, प्रश्न उलटा होतो: पाणी नकोसे गरम होते. तेव्हा हेच पॅनेल रात्री चालवावेत. निरभ्र आकाशाखाली ते उष्णता बाहेर टाकतात. बहुतेक कंट्रोलरमध्ये रात्री थंड करण्याची सोय असते. तेथेही वेग तापवण्याचाच ठेवावा आणि आच्छादन काढून ठेवावे.

निफाडसारख्या भागात जेथे कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, तेथे पंप थांबल्यावर पॅनेल खरोखर रिकामे होतात का, हे डिसेंबरपूर्वी पाहावे. उघड्या आकाशाखालचे पॅनेल आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि आत अडकलेले पाणी गोठू शकते. पंप बंद केल्यावर परतीच्या पाइपात काही मिनिटे गुळगुळ आवाज आला तर पाणी उतरत आहे असे समजावे.

पावसाळ्यापूर्वी व्हॉल्व्ह हाताने तलावाकडे वळवून कंट्रोलर बंद करावा, पॅनेल रिकामे झाल्याची खात्री करावी आणि पट्ट्या आवळून घ्याव्यात. घाटमाथ्यावरचा जूनचा वारा सैल पॅनेल उचलून नेतो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू करताना पहिल्याच दिवशी जुने आकडे भरू नयेत. चार महिन्यांत व्हॅक्यूम व्हॉल्व्हमध्ये माती किंवा गांधीलमाशीचे घर झालेले असू शकते, आणि बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांच्या नळ्यांत क्षाराचा थर चढलेला असू शकतो. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह खोलून धुवावा, फिल्टरचा बॅकवॉश घ्यावा आणि टप्पा ४ मधील दुसऱ्या वेगाची चाचणी पहिल्यापासून करावी. नवा आकडा गेल्या वर्षीपेक्षा २०० फेऱ्यांहून जास्त निघाला तर कारण सापडेपर्यंत वेग वाढवू नये. तिन्ही वेग, प्रायमिंगची मिनिटे, स्वच्छ फिल्टरचा दाब आणि चाचणीची तारीख एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून पंपाच्या खोलीत चिकटवावा, म्हणजे केअरटेकर बदलला तरी आकडे बदलणार नाहीत.